पाडव्याची जावईपळ

“पाव्हणं, राग येणार नसला तर एक सांगू का?”

“सांगा ना, मामा.”

“आपलं गुडघं… म्हंजे चांगलंच हायेत, गुडघ्याला मी काय नाव ठेवत न्हाई. पर पळताना जरा वर घेतलं, तर लांबनं बघणाऱ्याला आपण पळताय आसं तरी कळंल.”

धनत्रयोदशीची पहाट होती. वाघजाईवाडीच्या शाळेच्या मैदानावर दव पडलं होतं आणि कुठल्यातरी घरातून चकल्या तळल्याचा खमंग वास येत होता. मी त्या वासाच्या दिशेनं पळत होतो आणि माझे सासरे मला उलट्या दिशेला न्यायचा प्रयत्न करत होते.

सासऱ्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. उभा जन्म त्यांनी शाळेत पीटीचे मास्तर म्हणून काढलेला. तात्यांनी मैदानावर ‘सावधान’ म्हटलं की ओढ्यावरच्या म्हशीसुद्धा पाय जुळवून उभ्या राहतात, असं गावात सांगायचे. अशा माणसाला दैवानं माझ्यासारखा जावई दिला, आणि वर जावयावर ओरडायची सोय ठेवली नाही. जावई आधीच दहावा ग्रह, त्यात पहिल्या दिवाळसणाला आलेला. त्यामुळे तात्यांच्या घशाशी आलेला प्रत्येक खास मास्तरी शब्द मध्येच वळायचा आणि मऊ होऊन बाहेर पडायचा. त्या वळणावर त्यांचे फार हाल व्हायचे. मानेची शीर तट्ट फुगायची, कान लाल व्हायचे, आणि मग ते म्हणायचे, “दमला आसला तर थांबा की. आपली मर्जी.”

मी लगेच थांबायचो. त्या बाबतीत मला कधी आग्रह करावा लागला नाही.

मिरजेत माझं चष्म्याचं दुकान होतं, अजून आहे. तात्यांची एकुलती एक मुलगी वैजयंता पंधराशे मीटर धावायची आणि जिल्ह्यात पहिली यायची. पलीकडची रेघ पुसट दिसायला लागली म्हणून ती माझ्या दुकानात आली. मी तिला चष्मा करून दिला. आणि चष्मा लावून मला नीट बघितल्यावरही तिनं मला होकार दिला, याचं तिच्या गावाला आजतागायत नवल वाटतं.

तात्यांना काय वाटलं ते मात्र कुणाला कळलं नाही. लग्न त्यांनी रीतसर लावून दिलं, कन्यादान केलं, पंगतीत फिरून जिलबीचा आग्रह केला. फक्त ती लग्न करणार हे घरात कळलं, त्या दिवसापासून त्यांनी मुलीशी बोलणं टाकलं. रागावणं नाही, भांडण नाही, काही नाही. नुसतं गप्प. लग्नाला वर्ष होत आलं तरी त्यांनी तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. चष्मेवाल्यासाठी पोरीनं पळणं सोडलं, त्याचा हा राग, असं गाव म्हणायचं. चष्मेवाला या नात्यानं मीही तेच धरून चाललो होतो.

दिवाळसणाला यायचं ठरलं ते सासूबाईंनी तीनतीनदा निरोप पाठवले म्हणून. येताना एसटीत वैजयंता बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. कराड मागं पडल्यावर एकदम म्हणाली, “हे बघा, पाडव्यापर्यंत राहायचं. तोवर तात्यांनी मला एकदा हाक मारली, एकदाच ‘वैजू’ म्हटलं, तर ठीक. नाहीतर पाडव्याला दुपारच्या गाडीनं परत निघायचं. मग मी त्या घराची पायरी चढणार नाही.”

“रागात बोलतेस तू.”

“रागात असते तर आलेच नसते.”

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. काच स्वच्छ होती. चष्मेवाल्याची बायको विनाकारण काच पुसते तेव्हा तिला काय होतंय, हे चष्मेवाल्याला कळतं.

तर त्या घरात माझं मुख्य काम होतं निरोप्याचं. वसुबारसेच्या रात्रीच त्याची सुरुवात झाली. जेवायला आम्ही तिघं ओळीनं बसलो होतो, मध्ये मी, एका बाजूला तात्या, दुसऱ्या बाजूला वैजयंता. तात्या समोरच्या भिंतीकडे बघून मला म्हणाले, “पाव्हणं, आपल्या मंडळींना सांगा, भाकरी निवतीया.”

मंडळी माझ्या कोपराला कोपर लावून बसली होती.

“वैजू, भाकरी निवतेय,” मी म्हटलं.

“निवू दे म्हणावं. मला गार आवडते.”

मी तात्यांकडे वळलो. “ती म्हणते, तुम्ही काळजी करता हे बघून बरं वाटलं.”

तात्यांनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. वैजयंतानं माझ्या मांडीला असा चिमटा घेतला की पाडव्यापर्यंत निळा डाग राहिला. सासूबाई चुलीपुढं तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, त्या हसत होत्या की डोळे पुसत होत्या ते धुरात कळलं नाही.

आता जावईपळीचं सांगायला हवं. वाघजाईवाडीची रीत अशी की त्या वर्षी दिवाळसणाला आलेले जितके नवे जावई असतील, त्यांनी पाडव्याच्या सकाळी वेशीपासून माळावरच्या जोतिबापर्यंत पळायचं. सासरा जावयाच्या खांद्यावर नवं उपरणं घालतो. ते उपरणं जोतिबाच्या पायरीवर पहिल्यांदा पडेल त्या घराला वर्षभर पालखीच्या पुढच्या दांडीचा मान. माणूस पोचणं महत्त्वाचं नाही, उपरणं पोचलं पाहिजे. एका वर्षी कुणा जावयाच्या पायात गोळा आला तेव्हा त्याचा मेव्हणा उपरणं घेऊन पळाला होता आणि ते गावानं मान्य केलं होतं. सासरच्या रक्ताचं माणूस असलं की झालं, असं सासूबाईंनी मला समजावून सांगितलं. अर्ध्या वाटेवर एक करंजाचं झाड आहे, तिथं बायका तांब्या घेऊन उभ्या राहतात. त्यांच्या हातचं पाणी पिऊनच पुढं जायचं.

आणि पंच तात्या. वर देवळाच्या कट्ट्यावर त्यांनी उभं राहायचं आणि पळ सुटल्यापासून उपरणं पडेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. पूर्वी एक पंच आपल्या पुतणजावयाला ‘डावीकडनं ये, डावीकडनं’ असं ओरडला होता, तेव्हापासून हा नेम.

एवढंच असतं तर मी कदाचित तिसरा-चौथा आलोही असतो. पण या रितीला एक पोट-रीत होती, आणि ती खरोखरच पोटाची होती. दिवाळीच्या दिवसांत गावातलं कुठलंही घर कुठल्याही जावयाला फराळाला बोलावू शकत होतं, आणि जावयानं नाही म्हणायचं नव्हतं. फराळाला नकार म्हणजे घराचा अपमान. त्यामुळे ज्याच्या जावयाला शर्यत जिंकायची असेल त्यानं बाकीच्यांच्या जावयांना प्रेमानं, पोटभर, वारंवार जेवू घालायचं. जावयाला पाडव्यापर्यंत जड करून ठेवायचं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे एकमेकांना हसून ताटं वाढत होते.

“नलवड्यांच्यात जाताना जपून,” वैजयंतानं मला बजावलं होतं. “काकू चिरोट्यावर तूप सोडते. दोनच्या वर खायचे नाहीत. बाकीचे रुमालात.”

“रुमालात तूप?”

“मग पोटात तरी कशाला?”

बापू नलवडे म्हणजे तात्यांचे शेजारी, बालमित्र आणि जन्माचे प्रतिस्पर्धी. त्यांचा जावई फौजेत होता. सहा फुटाचा, पोट आत, छाती बाहेर. त्यानं नरकचतुर्दशीला आमच्या घरी येऊन सासूबाईंनी वाढलेल्या ताटभर करंज्या, लाडू आणि शेव असं सगळं संपवलं, पाणी प्यायला, आणि जाताना ओट्यावर दंड काढले. सासूबाईंनी ते दारातून बघितलं आणि रिकामं ताट माझ्यापुढं आदळलं.

मी नलवड्यांच्या घरी गेलो ते लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. तिथं माझी जी गत झाली तिचं वर्णन मी नंतर वैजयंताला कधीच पूर्ण सांगितलं नाही. काकूंनी चिरोटे पुढं केले. मी दोन घेतले. काकू म्हणाल्या, “आवडलं न्हाईत वाटतं?” आता यावर माणसानं काय करायचं? ते चिरोटे खरंच तोंडात टाकताच विरघळत होते. बापू समोर बसून पंख्यानं वारा घालत होते. “घ्या वं पाव्हणं, लाजू नगा. तात्याच्यात काय मिळणार? त्यो पोरास्नी मोड आलेलं हरभरं खायला घालणारा गडी.”

मी बाहेर पडलो तेव्हा रुमाल कोरडा होता.

पाडव्याला सकाळी वैजयंतानं मला ओवाळलं. नवी मोरपंखी साडी नेसली होती. निरांजनाच्या उजेडात ती हसत नव्हती. आमची पिशवी भरून दारामागं ठेवलेली मी बघितली होती. तात्या अंगणात उभे होते. रात्रभर त्यांच्या खोकण्याचा आवाज येत होता, पण ओवाळणी चालू असताना एकदाही ते घराच्या आत वळून बघत नव्हते.

त्यांनी माझ्या खांद्यावर उपरणं घातलं, नीट चापून बसवलं. “पाव्हणं, आपल्या कुवतीनं पळा. मधी पडू नगा म्हंजे झालं.” मग जरा थांबून, भिंतीकडे बघत, “आपल्या मंडळींना सांगा, माळावर काटं हायेत. पायात काय तरी घालून जा म्हणावं.”

वैजयंता आतून तांब्या घेऊन बाहेर येत होती. तिनं ते ऐकलं. मी निरोप द्यायला तोंड उघडलं तर म्हणाली, “कळलं,” आणि परत आत गेली.

वेशीत पुजाऱ्यानं शंख फुंकला आणि आम्ही चौघं जावई सुटलो. नलवड्यांचा फौजी पहिल्या वळणाला दिसेनासा झाला. बाकी दोघं, एक विट्याचा किराणा दुकानदार आणि एक बँकेतला, माझ्यासारखेच फराळानं नादुरुस्त झालेले होते, पण माझ्या पुढं होते. मी गुडघे वर घेतले. गुडघे आणि चिरोटे एकाच वेळी वर येतात हे मला तेव्हा समजलं. ज्वारीच्या रानातून जाताना बांधावरची पोरं ओरडत होती, “चष्मेवाले, हिकडं बघा, वाट हिकडं हाय!”

करंजापाशी मी शेवटचा पोचलो. बाकीच्यांच्या बायका पाणी पाजून मोकळ्या झाल्या होत्या. वैजयंता तांब्या धरून एकटीच उभी होती आणि माझ्याकडे नाही, वरच्या वळणाकडे बघत होती. मी पाणी घ्यायला वाकलो आणि मला तिचे पाय दिसले.

मोरपंखी साडीखाली तिनं पळायचे बूट घातले होते.

ते बूट माझ्या चांगल्या ओळखीचे होते. मिरजेत लग्न झाल्यापासून रोज पहाटे ती उठायची. मी झोपलोय असं समजून कपाटातून बूट काढायची, बाहेरच्या पायरीवर बसून नाड्या बांधायची, आणि तशीच बसून राहायची. कशाची तरी वाट बघितल्यासारखी. मग उजाडलं की नाड्या सोडायची, बूट कपाटात ठेवायची आणि चहा टाकायची. मी एकदा विचारलं, “जात का नाहीस?” तर म्हणाली, “कुणी हाक मारल्याशिवाय पाय उठत नाहीत.” मी दुसऱ्या दिवशी अंथरुणातून हाक मारून बघितली. ती हसून हसून बेजार झाली, पण गेली नाही.

मी करंजाच्या मुळावर बसलो.

“बसलात काय? उठा!”

“पोटात दुखतंय.”

“अहो, ते सगळे वर गेले!”

“नलवडेकाकूंच्या चिरोट्यांना सांग.”

“दोनच्या वर खाल्लेत ना? मला माहीत होतं!”

“वैजू, मेव्हण्यानं उपरणं नेलेलं चालतं ना?”

“मला भाऊ कुठाय?”

“मेव्हणाच पाहिजे असं नाही. रक्ताचं माणूस चालतं, तुझी आईच म्हणाली.” मी उपरणं काढून तिच्यापुढं धरलं. “तुझ्यात कुणाचं रक्त आहे?”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग वरती देवळाकडे बघितलं, जिथं कट्ट्यावर पांढऱ्या टोपीचा एक ठिपका दिसत होता. तांब्या माझ्या हातात दिला. निऱ्या वर खोचल्या, पदर कमरेला आवळला, चष्मा नाकावर दाबला आणि उपरणं गळ्यात टाकून निघाली.

मी आजही सगळ्यांना सांगतो की मी मुद्दाम बसलो. आमच्या घरात यावर कुणीही विश्वास ठेवत नाही. वैजयंता तर म्हणते, “चिरोटे बसवत होते तुम्हाला, तुम्ही नाही बसलात.” पण मग ती गेल्यावर मी उठून शेळ्यांच्या उभ्या पायवाटेनं थेट माळ कसा चढलो, हे तिला विचारा. माझ्याकडे उपरणं नव्हतं, त्यामुळे मला कुठल्याही वाटेची बंदी नव्हती.

मी वर पोचलो तेव्हा देवळासमोर सगळं गाव उभं होतं. सासूबाई पायरीवर नैवेद्याचं ताट घेऊन बसल्या होत्या. मला उपरण्याशिवाय बघून त्यांनी कपाळावर हात मारला. मी खाली बोट दाखवलं.

शेवटच्या वळणावरून नलवड्यांचा फौजी दिसला. त्याच्या मागं, बरंच मागं, मोरपंखी काहीतरी येत होतं. किराणा दुकानदार मागं पडला, बँकवाला वाटेच्या कडेला उभा राहून बघतच राहिला. गावात कुजबुज सुरू झाली. “आरं, ही तर मास्तरांची वैजी!”

मी तात्यांकडे बघितलं. ते कट्ट्यावर दोन्ही पाय जुळवून उभे होते. ओठ घट्ट मिटलेले. एका हातानं त्यांनी गळ्यातली शिट्टी मुठीत आवळून धरली होती. वैजयंता जवळ येत होती आणि वर्षभर न पळालेली, साडीत अडकलेली, वाईट पळत होती. इतकं मलाही कळत होतं. हात छातीपुढं आडवे जात होते, मान मागं पडली होती. तात्यांच्या मानेची ती शीर मी चार-पाच दिवस बघत आलो होतो, पण इतकी फुगलेली कधी पाहिली नव्हती.

आणि मग ती फुटलीच.

“वैजेऽऽ! हात! हात आडवं कुठं फिरिवतीस गं, ताक घुसळाय लागलीस का? कोपरं आत! आत घे म्हंतो न्हवं! मुंडी खाली! चांदण्या मोजाय आलीस व्हय? आता सोड! सोड पायऽऽ!”

माझ्यासाठी गिळलेला एकेक शब्द त्या आरोळीत बाहेर पडला. वर्षभराचेही त्यात असतील. देवळातली कबुतरं उडाली. आणि वैजयंताची कोपरं आत गेली, मान खाली आली, अन् ती अशी सुटली की फौजीनं मागं वळून बघितलं. तीच त्याची चूक झाली. ती त्याच्या शेजारून निघून गेली आणि उपरणं गळ्यातून काढून पायरीवर टाकून तिथंच गुडघ्यांवर हात ठेवून वाकली.

ओरडाआरडा झाला, टोप्या उडाल्या. तो ओसरल्यावर बापू नलवडे पुढं आले. धोतर वर ओढत म्हणाले, “तात्या, पंचानं तोंड उघडलं.”

तात्या कट्ट्यावरून खाली उतरले. त्यांनी पायरीवरच्या उपरण्याकडे बघितलं.

“व्हय,” ते म्हणाले.

“मग?”

“मग काय? बाद.” आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “आमचं उपरणं बाद. मान नलवड्यांचा.”

वैजयंता ताठ उभी राहिली. तिचा श्वास अजून लागला होता. “बाद? मी पैली आलीया, तात्या!”

“पंच बोलला. नेम हाय.”

“बोलला तुमी, आन बाद मी?”

“मग काय पंचाला बाद करू?”

“करा की!”

गाव हसायला लागलं. पण तात्या हसले नाहीत आणि ती तर मुळीच नाही. “वरीसभर माझ्याशी बोलला न्हाईसा,” ती म्हणाली. आमच्या मिरजेची शुद्ध भाषा ती माळाच्या खाली सोडून आली होती. “भाकरी निवतीया हे सुदिक दुसऱ्याकडनं सांगितलंसा. आन आता तोंड उघडलं, ते मला बाद करायला?”

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. “बोलाय लागली की वं दोगं,” त्या कुजबुजल्या. मी मान हलवली. माझी निरोप्याची नोकरी गेल्याचं माझ्याही लक्षात आलं होतं.

“मी बोललो न्हाई?” तात्या म्हणाले. “मी हाक मारली हुती.”

“कवा?”

“तू तुझ्या आईला लगनाचं सांगत आत बसली हुतीस त्या पहाटं. मी मैदानावर हुतो. रोजच्यावानी हाक मारली. परत मारली. तू आली न्हाईस.” ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. “उजाडंस्तवर हुबा हुतो. येवढीशी हुतीस तवापासनं, हाक मारली आन तू आली न्हाईस आसं कधी झालं न्हवतं.”

“तात्या, मला ऐकूच आली न्हाई.”

“ते मला काय म्हाईत?” ते तिच्याकडे बघत नव्हते, उपरण्याकडे बघत होते. “लगीन करशील, जाशील, ते हाय की. पोरीची जात, जाणारच. चष्मेवालं तर चष्मेवालं. पर परत हाक मारायची कशी? मारली आन न्हाई आलीस, तर म्या काय करायचं हुतं?”

वर्षभर सगळं गाव, आणि गावाबरोबर मीही, असं समजून चाललो होतो की तात्यांच्या मौनाला कारण मी आहे. त्यात माझा कणभरही वाटा नव्हता. खरं सांगायचं तर जरा अपमानच झाला. पण त्या क्षणी तो मनात धरायला जागा नव्हती.

वैजयंतानं चष्मा काढला, पुसला, घातला. मग वळली आणि माळ उतरायला लागली.

“आगं, कुठं निगालीस?” सासूबाई ओरडल्या. “परसाद तरी घे!”

ती थांबली नाही. आली होती त्याच वाटेनं ती खाली गेली, वळणापर्यंत गेली, वळणाच्या पलीकडं गेली, आणि करंजाखाली जाऊन उभी राहिली. तोंड देवळाकडे केलं. तिथून ती हाताच्या बोटाएवढी दिसत होती. नुसती उभी होती. दोन्ही हात बाजूला.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच मला ते म्हातारे वाटले. “पाव्हणं,” ते म्हणाले, “आपल्या मंडळींना जरा इचारता का, काय म्हणणं हाय त्यांचं?”

“नाही, मामा,” मी म्हटलं. “आता मी नाही विचारणार.”

त्यांनी शिट्टी तोंडाजवळ नेली, परत खाली सोडली. घसा खाकरला. ज्या आवाजावर म्हशी उभ्या राहत, तो पहिल्या खेपेला फुटलाच नाही. नुसतं तोंड उघडलं आणि मिटलं. बापू नलवडे त्यांच्या मागं येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “मार की रं. येतीया ती.”

मग तात्यांनी दोन्ही हात तोंडापाशी धरले.

“वैजूऽऽऽ!”

ती निघाली. एकदा तो माळ जीव तोडून चढलेली बाई, दुसऱ्यांदा चढत होती. निऱ्या सुटल्या होत्या, एका बुटाची नाडी लोंबत होती, पाय जड पडत होते. वळणावर ती अडखळली, सावरली. गाव एकदम ओरडायला लागलं, फौजीसुद्धा टाळ्या वाजवत होता. तिचे हात पुन्हा छातीपुढं आडवे फिरत होते, मान मागं पडली होती, सगळंच चुकत होतं.

तात्या कट्ट्याच्या कडेला उभे राहून बघत होते. ती पायरीपर्यंत येईस्तोवर ते एकदाही काही बोलले नाहीत.